खिशात मावेल एवढं पुस्तक

“अगं, पानाचा आकार बदलायचा म्हणजे काय विमान उडवायचंय? तुझा चहा गाळून होईपर्यंत करतो बघ!”

अशी गर्जना करून जावईबापू रविवारी सकाळी संगणकासमोर बसले. ऑफिसातली सगळी परिपत्रकं तेच टाईप करत, त्यामुळे अक्षरजुळणी म्हणजे आपल्या हातचा मळ, अशी त्यांची ठाम समजूत होती. ती परिपत्रकं जन्मभर एकाच मापाच्या कागदावर निघत, ही गोष्ट वेगळी!

काम घरचंच होतं. सासऱ्यांनी आयुष्यभर गुपचूप कविता केल्या होत्या. पोटच्या मुलीलाही कधी दाखवल्या नव्हत्या. एरवी ते जावयाशी हवापाण्यापलीकडे बोलत नसत. पण परवा त्यांनी चक्क त्या कविता त्याच्या हातात ठेवल्या. “छोटंसं पुस्तक करा. शर्टाच्या खिशात मावेल एवढं. उगाच चारचौघांत बोभाटा नको.” जावईबापू नुसते विरघळले! त्यांनी स्वतःच्या शर्टाचा खिसा पट्टीने मोजला आणि सगळ्या कविता टाईप करून काढल्या. आज दुपारी सासरे नमुना बघायला येणार होते.

‘कस्टम साईज’मध्ये त्यांनी रुबाबात आकडे भरले : रुंदी नऊ, उंची तेरा. संगणक म्हणाला, समास पानापेक्षा मोठा आहे. म्हणजे घरापेक्षा अंगण मोठं! जावईबापूंनी समासच उडवून टाकला. तर एका पानावर जेमतेम एकच अक्षर मावू लागलं! पुस्तक फुगत फुगत शब्दकोशाच्या पुढे गेलं.

“बाबांनी लिहिलंय तरी किती!” ते पुटपुटले आणि अक्षर बारीक करत सुटले. अखेर पडद्यावर पान असं देखणं दिसू लागलं, की त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली. छापून बायकोसमोर धरलं.

“अहो, कोरा कागद काय दाखवताय?”

“नीट बघ. मधोमध.”

“हा तीळ?”

“तीळ नाही, तुझ्या बाबांची कविता आहे ती!”

बायकोने डोळे बारीक केले. “माप कशात घातलंत?”

जावईबापूंनी पाहिलं. पट्टीवर मोजले होते सेंटीमीटर आणि संगणक धरून बसला होता मिलिमीटर! खिशात मावेल एवढं सांगितलं होतं, यांनी नखावर मावेल एवढं केलं होतं.

“एवढंच ना!” म्हणत त्यांनी आकडे दसपट केले. मग घाईघाईत, खबरदारी म्हणून, एककही बदलून सेंटीमीटर केलं. वर ‘पानासोबत मजकूरही वाढवा’ यावर खूण केली. तेवढ्यात संगणकाने काहीतरी विचारलं. कुणी अदबीने विचारलं की ‘हो’ म्हणावं, असे त्यांच्यावर संस्कार होते. न वाचताच ‘हो’ दाबून ते आंघोळीला गेले.

बाहेर येतात तो काय! प्रिंटर पिसाळल्यासारखा कागद ओकत होता. एका कागदावर नुसती वेलांटी, दुसऱ्यावर अर्धा काना, तिसऱ्यावर परातीएवढा अनुस्वार! न वाचता दाबलेल्या त्या ‘हो’ने पान आणखी चौपट, दारापेक्षा रुंद झालं होतं आणि संगणक ते तुकड्या-तुकड्यांत छापत होता. शाई संपली तेव्हा कुठे तो थांबला.

“आता बाबांना काय दाखवू? हे टिंब?”

“ओरडू नका. जुळवून तर बघू.”

दोघं हॉलमध्ये गुडघ्यांवर बसली. खुर्च्या भिंतीला सरकल्या, टेबल गॅलरीत गेलं.

“हा ‘घ’ कुठला?”

“अहो, ‘घ’ नाही, ‘ध’ आहे तो. ‘दुधाचा वास’. इकडे आणा.”

हळूहळू ओळी लागत गेल्या.

*तू आलीस मुठी मिटून,*
*दुधाचा वास घेऊन,*
*दोन खोल्यांचं घर माझं*
*केवढं मोठं झालं!*

“ही माझ्यावर आहे,” ती म्हणाली. मग हातातला कागद तिने फारच जपून, जणू झोपलेलं मूल ठेवावं तसा, जागेवर ठेवला. जावईबापूही तिच्याशेजारी बसून राहिले.

आणि दार वाजलं!

सासरे उंबऱ्यातच थबकले. आयुष्यभर लपवलेली कविता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली, आणि पलीकडच्या टोकाला मुलगी पदराने डोळे पुसत बसलेली. जावईबापू धडपडत उठले.

“बाबा, ते... मापात जरा घोटाळा...”

सासऱ्यांनी हातानेच गप्प केलं. चपला बाहेर काढल्या. मग पहिल्या ओळीच्या कडेकडेने, अक्षरावर पाय पडू न देता, ते चालत चालत आपली कविता वाचू लागले. शेवटच्या उद्गारचिन्हापाशी मुलगी होती. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

मग सासऱ्यांनी खाकरून घसा साफ केला, आतल्या दाराकडे नजर टाकली आणि अगदी संकोचून विचारलं,

“जावईबापू, दुसरं कडवं कुठल्या खोलीत आहे?”