ऑस्ट्रेलियाचा राखणदार

त्या गुरुवारी संध्याकाळी गुणवंत टिपणिसांनी ठरवलं, की आता बायकोशी वाद घालायचा नाही, तिला सरळ ऑस्ट्रेलिया दाखवायचा. (वाद सोडण्यात त्यांचा त्याग असा काही नव्हता. लग्न झाल्यापासून ते एकही वाद जिंकले नव्हते.)

गुणवंतराव हमरियाच्या फ्री झोनमध्ये परचेस ऑफिसर. आखातातली नोकरी म्हणजे मॅनेजरने खलास म्हटलं की गाशा गुंडाळायचा, या धास्तीने त्यांचं अर्धं डोकं पांढरं झालं होतं. म्हणून ऑस्ट्रेलियात कायमचं जायचं त्यांनी मनावर घेतलं. सगळे कागद तयार होते, शनिवारी एजंट न्यायला येणार होता, आणि घोडं अडलं होतं फक्त अनुपमाच्या सहीपाशी. सही नाही, तर ऑस्ट्रेलिया नाही. (तिची झाली, की त्याखाली आपली ठोकायला गुणवंतराव एका पायावर तयार होते.)

"तिथे आपल्या पाठीशी कोण आहे?" ती म्हणायची. "इथे निदान रोल्लाच्या बाजारात चार माणसं ओळखीची आहेत. त्या ओसाड मुलखात आपल्यावर लक्ष कोण ठेवणार?"

तेव्हा गुणवंतराव रोल्लातच जहूरच्या व्हिडिओ लायब्ररीत गेले आणि ऑस्ट्रेलियाचं काहीतरी मागितलं. जहूरने वरच्या फळीवरून एक कॅसेट काढली, फुंकर मारली, आणि दोघंही खोकले. खोक्यावर लाल माती, एक प्रचंड खडक आणि निळंभोर आभाळ.

"सीनरी अच्छी है?"

"साब, सीनरी ही सीनरी है. बाकी इसमें कुछ हैच नहीं."

घरी आल्यावर मैथिलीने खोक्याची मागची बाजू वाचली. "बाबा, धिस इज अ हॉरर फिल्म."

"सीनरीची आहे," गुणवंतराव म्हणाले आणि कॅसेट आत सारली.

पिक्चर असा होता, की एक कंपनी त्या खडकाखाली खाण खोदायला येते. तिथल्या मूळ लोकांतली एक म्हातारी सांगते, बाबांनो, ही जागा आमच्या पूर्वजांची आहे, हिला राखणारा आहे, इथे खोदू नका. मॅनेजर हसतो. (तो अगदी गुणवंतरावांच्या मॅनेजरसारखाच हसला, त्यामुळे पुढे त्याचं काय होतंय याची त्यांना मनापासून उत्सुकता लागली.) मग एकेक माणूस गायब व्हायला लागतो. प्रोड्यूसरला भूत काही परवडलेलं नव्हतं. नुसता वारा सुटायचा, लाल धूळ उडायची आणि कॅमेरा थंडी भरल्यासारखा हलायचा. एकदाच एक रक्ताळलेला हात आला, त्याची शिवण दिसत होती.

पण गुणवंतराव घाबरले. पाय वर घेऊन सोफ्यावर बसले. रिमोट खाली पडला होता, पण तो उचलायला पाय जमिनीवर टेकवावा लागला असता.

"बाबा, इट्स जस्ट केचप," मैथिली म्हणाली.

इतक्यात अनुपमा हातात डाव घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उभ्याउभ्याच बघायला लागली. ती वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरी जमिनीला कुदळ लावायची तर आधी त्या जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात.

"जागेवाल्याला विचारलं का यांनी?" ती म्हणाली.

"कोणी?"

"या मेल्यांनी. ती म्हातारी एवढी सांगतेय, तिचं ऐकायला काय झालं? परक्याच्या जागेत आलात, तर आधी विचारायची रीत नाही?" मॅनेजर सुरुंग पेरू लागला तशी ती टीव्हीला म्हणाली, "आता बघ तू."

मॅनेजर धुळीत गडप झाला. "बरं झालं," म्हणत अनुपमा समाधानाने खाली बसली. "कुठलं हो हे?"

गुणवंतरावांनी मनात हिशेब केला. ऑस्ट्रेलिया म्हटलं, तर सही जन्मात होणार नाही.

"आफ्रिका," ते म्हणाले.

"मग आफ्रिकेचे कागद करा."

"काय?"

"जागेला धनी आहे, तिची माणसं जागी आहेत. विचारून राहिलं तर तो आपल्याला कशाला काय करील? उलट सांभाळील. अशा ठिकाणी मी मैथिलीला घेऊन डोळे मिटून राहीन. तुमच्या त्या ऑस्ट्रेलियात काय आहे?"

"अगं, हेच ऑस्ट्रेलिया आहे."

"आता सहीसाठी काहीही सांगाल."

"आईशप्पथ, ऑस्ट्रेलियाच."

"मग मघाशी आफ्रिका का म्हणालात?"

गुणवंतरावांनी मदतीसाठी मैथिलीकडे पाहिलं. शेवटी मैथिलीला दया आली. "मम्मा, देअर वॉज अ कांगारू."

अनुपमाने क्षणभर विचार केला, डाव खाली ठेवला आणि कागद मागितले. ठसठशीत, वळणदार सही केली, वर अट घातली, "पोचल्यावर आधी तिथल्या जुन्या माणसांना भेटायचं. इथे राहू का, म्हणून विचारायचं. त्यांनी हो म्हटलं, की मग नारळ ठेवायचा. आणि गाऱ्हाणं तुम्ही घालायचं, तुम्ही घरचे कर्ते." एवढं बोलून तिने कागद नवऱ्यापुढे सरकवले. "ही तुमची जागा."

गुणवंतरावांना जग जिंकल्यासारखं झालं. त्यांनी पेन उचललं. टीव्हीवर नावं सरकत होती आणि नावांमागे तो वारा अजून घोंघावत होता. पाय सोफ्यावरच ठेवून, एक डोळा टीव्हीवर ठेवून त्यांनी सही केली.

शनिवारी एजंट आला. अनुपमाच्या सहीचं त्याने तोंड भरून कौतुक केलं. मग दुसरी सही पासपोर्टशी ताडून पाहिली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली आणि अदबीने कागद परत केले.

"मॅडम का ओके है, सर," तो म्हणाला. "लेकिन आपने अपना साइन बच्ची से क्यों करवाया?"