घरगाडीतल्या खडखडीची बखर

घरातील वडिलांचे पराक्रम घरातीलच माणसे आधी विसरतात, सबब काकांच्या घरगाडीची हकीकत जैशी घडली तैशी लिहून ठेविली असे. लिहिणार कोणाच्या भिडेचा नाही. काकूंच्या हातचे जेवतो, एवढे मात्र आधीच कबूल.

राजमान्य राजश्री काका नोकरीतून मुक्त होताच एक घरगाडी खरेदी करिते जाहले. आत बिछाना, शेगडी, आणि तळाशी प्रोपेन गॅसची टाकी, ऐसा सरंजाम. मनसुबा हा की, काकूंसह मुलूख पाहत पाहत लेकीच्या दारी डेरेदाखल व्हावे. परंतु पहिल्याच कूचात गाडीत खडखड उपजली आणि काकांची मर्जी खप्पा जाहली आणि तपास न करिता फर्मान सुटले की, ही फितुरी काकूंच्या भांड्यांची. मग गाडी घरी फिरवून कुकर हद्दपार जाहला, खडखड राहिली. मग झाकण्या गेल्या, तरी राहिली. मग काकूंची माहेरची कढई, जीस त्या कोणाचा हात लागू देत नसत, तीही घरी माळ्यावर कैदेत पडली.

काकूंनी अर्ज केला, "अहो, आवाज खालून येतोय. भांडी काय मी गाडीखाली टांगलीयेत?"

अर्ज नामंजूर जाहला. मग उभयतांची स्वारी पाव-बिस्किटांवर दौड करू लागली, आणि काकू रुसल्या. कढई गेली याचे दुःख थोडे, आपला शब्द उडवून लाविला याचे बहुत.

तो एके दिवशी काकांच्या मोबाइलावर गाडीच्या कंपनीचा खलिता थडकला. मजकूर ऐसा की, या बनावटीच्या गाड्यांत टाकी धरणाऱ्या पट्ट्या कच्च्या निघाल्या, टाकी निखळून गॅस गळेल आणि भडका उडेल, तरी शेगडी न पेटविता गाडी वर्कशॉपात हजर करावी, दुरुस्ती फुकट. काका कडाडले की, फुकट म्हणून बोलावितात आणि खिसा कापितात, आमच्या गाडीस खोट नाही! काकूंनी मुकाट्याने गॅसचा कॉक बंद केला, पायांत चपला सरकविल्या आणि निर्वाणीचा हुकूम दिला, "वर्कशॉपला चला, नाहीतर लेकीकडे मी बसने जाते." तो ऐकोन काकांचा धीर सुटला आणि तत्काळ कूच जाहले.

वर्कशॉपाची मुखत्यार एक मिस्त्रीबाई, मोठी तडफदार. तिने गाडी लिफ्टवर चढविली आणि टाकीस नुसता हात लाविला, तो टाकी डुलली आणि तीच ती खडखड भर दरबारात वाजली.

"अहो काका, टाकी एका बोल्टावर लटकलीय! इतका आवाज येतोय, कळलं कसं नाही तुम्हाला?"

 तेसमयी काकूंची तोफ भरून तयार, बत्ती देणेच बाकी होते. परंतु काकूंनी टाकीकडे पाहिले आणि तोफ थंडावली. "बाई गं, हिच्यावर आम्ही रोज झोपत होतो," इतकेच त्या बोलल्या. काकांनी त्यांचा हात धरिला, आणि जे लग्नापासून कोणी ऐकिले नव्हते ते सर्वांदेखत वदले, "हिला कळलं होतं. मीच ऐकलं नाही."

मग नव्या पट्ट्या आवळल्या आणि गाडी मुकी जाहली. घरी येताच काका जातीने माळ्यावर चढले आणि कढईची कैदेतून सुटका केली आणि स्वहस्ते घासून, कुकर-झाकण्यांसह, गाडीत तिची फेरस्थापना केली.

लेकीच्या गावाकडे कूच जाहले, तो पहिल्याच खड्ड्यास कढई कुकरावर आदळली आणि सगळी फौज दणाणून वाजली. काकूंनी हळूच काकांकडे पाहिले.

काका बोलिले, "वाजू दे गं. आता भांडीच आहेत."

ऐशा गजरात स्वारी लेकीच्या दारी पोहोचली. ही फत्ते काकूंच्या नावे लिहिली असे, आणि काकांनी वाचून, हूं की चूं न करिता, खाली सही केली असे.