परातीतलं पाणी आणि धाकट्याचं वावर

आमचे भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, वावरात पाय न टाकता वावराची ओल सांगत. तालुक्याच्या तहसिलीत सरकारी भांड्यातला पाऊस मोजता मोजता त्यांची नोकरी संपली, पण मोजणं संपलं नाही. अंगणात पाऊस धरायला डबा, आणि ऊन किती पाणी पितं ते पाहायला परात. सकाळी दोन्हींत काडी बुडवायची नि वहीत लिहायचं. "आलं किती, उडालं किती, उरलं किती. उरलं ते वावरात!" एकदा परातीतलं पाणी मांजर प्यालं, तर त्याचीही वेगळी नोंद झाली. नागपूरच्या सरकारला मांजराची तहान कळवली की नाही, ते मला ठाऊक नाही.

कुणी कोरडं ढेकूळ आणून दाखवलं, तर म्हणत, "वही बराबर हाये. तुह्यं ढेकूळच चुकलं बे."

वाटणीत एका आंब्याच्या झाडावरून दोघा भावांत अबोला पडला होता. पाच वर्षांत आंबा वाळला, अबोला हिरवाच राहिला. भासऱ्यांशी बोलायची मला रीत नाही, आणि असती तरी धीर नव्हता. म्हणून मधल्या भिंतीपलीकडून ते रोज आपल्या गवरी गाईला ओल सांगत, आणि आम्ही ऐकत नसल्याचं दाखवत असू.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. हरभऱ्याचं बी एकाच पेरणीपुरतं होतं. मालक म्हणाले, अमावस्या झाल्यावर पेरू. भिंतीपलीकडे भासरे ओरडले, "उद्या नाही पेरलं त चार बोटांवरची ओल जाते, गवरे! काऊन समजत नाही तुले?"

गवरीजवळ ना पेरायची तिफण होती, ना हरभरा.

संध्याकाळी वही भिंतीवर उघडी ठेवलेली दिसली. मी चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून लावून वाचलं. त्यांचं स्वतःचं शेत बटाईनं दिलेलं, त्याचा उल्लेखच नाही. पाच वर्षांचं प्रत्येक पान एकाच नावाचं: धाकट्याचं वावर.

मी मालकांना वाचून दाखवलं. "चुलीत घाल," म्हणाले. सकाळी मात्र तिफण जुंपली. "बैल रिकामेच हायेत म्हणून," असं मला बजावलं.

दोन ओळी झाल्या असतील, तर बांधावर भासरे. जोडे काढून आत आले, वाकले, मातीत बोट खुपसलं. बराच वेळ काढलंच नाही.

"ओल वहीपेक्षा एक बोट खाली गेली," ते मातीलाच म्हणाले. "चुकलो मी."

मालकांनी बैल थांबवले. मग म्हणाले, "मंग तिफण खोल दाबा लागते. मी बैल धरतो. दादा, तू दाब."

कारकुनाच्या हातची पेरणी वाकडीतिकडी गेली. बांधावरून कुणी हसलं, तर मालक म्हणाले, "आमच्या दादानं तिफण धरली हाये."