आतून कडी

नवीन घराचा नकाशा एकदा सगळ्यांना दाखवून घेऊ, असं बाबा म्हणाले तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. छकुलीला वाटलं, पण छकुलीला वावगं वाटत नाही अशी गोष्ट त्या घरात आठवड्यातून एखादीच घडायची, त्यामुळे तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

छकुली तेवीस वर्षांची होती. रसायनशास्त्राची पदवी होती, आवाज खणखणीत होता आणि संतापली की नाकाचा शेंडा लाल व्हायचा. तरी नाव छकुलीच. या घराण्यात लहानपणी चिकटलेलं नाव सुटत नसे. बाबा एकसष्ट वर्षांचे, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, त्यांना अजून ‘बाळ’ म्हणायची.

सध्याचं घर दोन खोल्यांचं. छकुली बाहेरच्या खोलीत झोपायची, तिथेच अभ्यास करायची, आणि ज्याला स्वयंपाकघरात जायचं असेल तो तिच्या अंगावरून जायचा. गेल्या महिन्यात एका प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी तिची फोनवर मुलाखत होती, चेहरा दिसणारी. समोरच्या बाईंनी विचारलं, “तुमचं बलस्थान कोणतं?” छकुली “एकाग्रता” म्हणाली, आणि त्याच क्षणी तिच्या मागे मोठे काका बनियनवर उगवले. मोठे काका म्हणजे बाबांचे भाऊ, गणिताचे निवृत्त मास्तर. मागच्याच गल्लीत राहायचे आणि दिवसातून तीनदा डोकावायचे.

“नेलकटर कुठंय गं?” त्यांनी विचारलं.

नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. काकांना नेलकटर मिळालं.

त्या दिवसापासून छकुलीला जगात एकच गोष्ट हवी होती. स्वतःची खोली, खोलीला दार, आणि दाराला आतून कडी. दार वाजवल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की आई भाजी निवडताना मान हलवून नुसतं “हो, आतून कडी” म्हणायची.

आणि आर्किटेक्टने खोली दिलीही होती. हा आर्किटेक्ट जुन्या वळणाचा. आधी पेन्सिलीने हाताने नकाशा काढायचा आणि घरच्यांची मतं आली की शाई फिरवायचा. त्याला फक्त बाबा भेटले होते. शनिवारी त्याने मोठा कागद गुंडाळून हातात दिला. “उद्याचा दिवस बघा, सुधारणा पेन्सिलीनेच करा. सोमवारी साडेपाचला नगरपालिकेची खिडकी बंद होते, त्याआधी फाइल आत गेली पाहिजे. नाहीतर नवा नियम लागू होतो, मग सहा महिने विसरा.”

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर साखरेचा डबा, चष्म्याचं घर, वाटी आणि बाबांचं मनगटी घड्याळ. उजव्या बाजूला छोट्या, सुबक अक्षरात ‘छकुलीची खोली, १० × १०’. छकुलीने ते शब्द तीनदा वाचले.

मग काकांनी खिशातून फूटपट्टी काढली.

“हा पॅसेज फार चिंचोळा आहे,” ते म्हणाले. “सोफा वळणार नाही. इथून अर्धा इंच घ्या.”

“अर्ध्या इंचाने काय होतंय, घ्या,” बाबा म्हणाले. बाबा स्वभावाने इतके लोकशाहीवादी, की बादली घ्यायची तरी शेजाऱ्यांचं मत घ्यायचे आणि मग पाच जणांच्या पाच मतांच्या पाच बादल्या आणायचे.

“बाबा, पाव इंचाला एक फूट आहे,” छकुली म्हणाली. “अर्धा इंच म्हणजे दोन फूट.”

“कागदावर अर्धाच आहे ना,” काकांनी रेघ मारली.

आईला भांड्यांच्या कपाटासाठी अर्धा इंच हवा होता. तिने तो ओशाळून मागितला, पण घेतला. आत्याने चष्मा पुसला. (आत्या मुलाकडे राहायची. तिथली तिची खोली म्हणजे चार नातवंडांचं खेळायचं मैदान, असं तीच सांगायची.) आत्याच्या मते पुढच्या खोलीत पाय पसरायला जागा नव्हती. आणखी अर्धा इंच, हा लांबीतून. काकांनी कड सरळ दिसत नाही म्हणून जाता जाता आणखी पाव इंच घेतला.

“अहो, सगळं माझ्याच खोलीतून का?”

“तू काय, आज ना उद्या जाणार,” आत्या म्हणाली.

“कुठे जाणार?”

“कुठेही. मुली जातात.”

“आणि जाईपर्यंत? उभी राहू?”

“बघा, बोलते कशी. बाळ, तू हिला फार डोक्यावर बसवलंयस.”

छकुलीने मनातल्या मनात हिशेब केला. रुंदी उरली पाच फूट. पलंग तीन फूट, कपाट दोन फूट, बेरीज पाच. उभं राहावंसं वाटलं तर कपाटात. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

तेवढ्यात चहा झाला आणि मंडळी कप घेऊन गॅलरीत गेली. टेबलाशी छकुली, नकाशा आणि खोडरबर. बाबांच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर काका बशीत चहा ओतत होते. बशीभर चहा म्हणजे फार तर पाच मिनिटं.

तिने आधी नुसतंच खोडरबर उचललं. मग ‘छकुलीची खोली’वर हलकेच फिरवलं. ‘छ’ हट्टी निघाला. जोरात घासावं तर कागद फाटेल, हळू घासावं तर काका येतील. कपाळावरचा घाम नकाशावर पडू नये म्हणून तिने मान वाकडी धरली होती. गॅलरीत बशी वाजली. शेवटचा ‘ली’ गेला. तिने फुंकर मारून कचरा उडवला आणि आर्किटेक्टच्या अक्षरासारखं अक्षर काढून तिथे लिहिलं: ‘पाहुण्यांची खोली’.

मंडळी परतली. छकुली खिडकीबाहेर बघत उभी राहिली, जणू या घराशी तिचा काही संबंध नाही.

“बाळ,” थोड्या वेळाने आत्या म्हणाली, “ही पाहुण्यांची खोली आहे?”

“आं? हो का?” बाबा वाकले. “असेल. असेल की.”

“मग एवढीशी? तुझ्याकडे पाहुणं म्हणून येतं कोण? मीच ना?”

काकांनी फूटपट्टी खिशातून पुन्हा बाहेर काढली. त्यांनी स्वतःच मारलेली रेघ स्वतःच खोडली, आणि छकुलीने तो आवाज पाठमोरी ऐकला. आईने कपाटाचा अर्धा इंच परत केला. पुढच्या खोलीचे पाय आखडले. बागेकडची खिडकी दुप्पट झाली. पाहुण्याने परक्या घरात सकाळी रांगेत उभं राहायचं की काय, असं काकांनीच विचारलं आणि आतल्या आत न्हाणीघर आलं. खोली झाली बारा बाय चौदा.

“एवढी कशाला?” छकुली मुद्दाम म्हणाली. “आत्या वर्षातून चार दिवस येते.”

“तुला काय कळतं त्यातलं,” काका म्हणाले आणि खिडकी आणखी अर्ध्या फुटाने वाढली.

आता शेवटचं. ती पुन्हा म्हणाली, “आणि पाहुण्यांच्या खोलीला आतून कडी वगैरे तर मुळीच नको.”

“का नको?” आत्या एकदम ताठ झाली. “पाहुण्याला लाज नसते वाटतं? लिही रे बाळ. आतून कडी. चांगली दणकट लिही.”

बाबांनी लिहिलं, ‘आतून कडी (दणकट)’.

छकुली जिंकली होती. उद्या शाई फिरली, की नगरपालिकेच्या वाटेवर सांगायचं. शाई खोडता येत नाही. तिला हसायला यायला हवं होतं. पण ती टेबलाशी उभी राहून वाट बघत होती, की या चौघांपैकी कुणीतरी विचारेल, मग छकुली कुठे झोपणार? काकांनी चष्मा घातला, काढला. आईने कप गोळा केले. कुणीही विचारलं नाही.

सोमवारी साडेचारला सगळी वरात आर्किटेक्टच्या ऑफिसात. खुर्च्या चार आणि माणसं पाच, म्हणून छकुली दाराशी उभी. आर्किटेक्टने कागद फळीवर ताणला आणि शाईचं पेन उघडलं. भिंती काळ्या होत गेल्या. पॅसेज झाला. स्वयंपाकघर झालं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून चाळीस मिनिटं. पाहुण्यांच्या खोलीची तिसरी भिंत झाली, चौथी सुरू झाली, आणि पेन थांबलं.

“एक मिनिट. इथे छकुलीची खोली होती. ती कुठे गेली?”

बाबांनी आईकडे पाहिलं, आईने आत्याकडे, आत्याने काकांकडे. काकांनी फूटपट्टीकडे पाहिलं.

“काही हरकत नाही,” आर्किटेक्ट घड्याळाकडे बघत म्हणाला. “या वयात मुलं आई-वडिलांजवळच झोपतात. मी तिच्या भिंतीवर बदकांची पट्टीही धरली होती, ती काढतो. किती वर्षांची आहे? बालवाडीत घातलीत?”

“तेवीस,” आई बारीक आवाजात म्हणाली.

“तेवीस महिने. मग तर प्रश्नच नाही. आणि ते बाळ? तुमच्या बहिणींनी काल फोनवर सांगितलं, बाळला जिना चढवत नाही. त्याच्यासाठी मी जिन्याला फाटक लावलंय.”

बाबांनी आपले गुडघे खुर्चीखाली ओढून घेतले.

“छकुली मी आहे,” दारातून आवाज आला.

आर्किटेक्टने वळून तिला नखशिखांत पाहिलं. मग पेनाचं टोपण लावलं.

“आणि ते मीच खोडलं,” छकुली म्हणाली. नाक लाल झालं होतं, पण आवाज नेहमीसारखा खणखणीत येईना. “माझं नाव होतं तोवर तुम्ही पाच फुटांवर आणलंत. पाहुण्यांचं लिहिलं तर बारा बाय चौदा. मी तीच आहे. खोलीही तीच आहे.”

“बघितलंस बाळ, कागदपत्रात खाडाखोड,” काका म्हणाले.

“दादा, जरा थांब,” बाबा म्हणाले. मोठ्या भावाला ते असं कधी म्हणत नसत. त्यांनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं; चार बावन्न झाले तरी बघत होते. आर्किटेक्ट खुर्चीच्या टोकावर आला.

“मी सगळ्यांना विचारलं,” बाबा शेवटी म्हणाले. “वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरलासुद्धा विचारलं. तुला विचारलं होतं ना गं?”

“नाही.”

“राहूनच गेलं.” त्यांनी चष्मा काढला. “तुझं मत काय?”

छकुलीकडे या विषयावर गेल्या महिन्यापासून पाऊण तासाचं भाषण तयार होतं. मुद्दे होते, उपमुद्दे होते, मोठ्या माणसांविषयी एक स्वतंत्र विभाग होता. त्यातलं एक अक्षर आठवेना.

“आतून कडी,” ती म्हणाली.

“लिहा,” बाबा आर्किटेक्टला म्हणाले. “छकुलीची खोली. बारा बाय चौदा.”

शाई वाळायची वाट न बघता आर्किटेक्ट कागदावर वही हलवत जिना उतरला. फाइल खिडकीत पडली ती पाच सत्तावीसला. तोवर ऑफिसात बसून आत्याने विचारलं, “मग मी आले की उतरायचं कुठे?” आणि आई समजुतीच्या सुरात म्हणाली, “हिच्याच खोलीत की, वन्सं. मोठी आहे ना आता.” छकुली विजयाच्या भरात होती. तिने तेही मान्य करून टाकलं. वर्षातून चार दिवस.

घर वर्षभरात उभं राहिलं. छकुलीने कडी स्वतः दुकानात जाऊन निवडली, पितळी, हातभर लांब. सुताराने ती बसवल्यावर दोन्ही बाजूंनी वीस वेळा लावून बघितली (बाहेरून लागत नव्हती, हे विशेष). दारावर पाटी लावली: ‘दार वाजवून थांबावे.’ राहायला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आत्या आली. हातात मोठी पेटी, दोन उशा आणि वाचायची राहिलेली सहा पुस्तकं.

खोलीत शिरून आत्याने चारी भिंती पाहिल्या. खिडकी उघडून मिटली. मग दारापाशी येऊन कडीवरून बोट फिरवलं.

“हिला आवाज नाही होत फारसा,” ती म्हणाली. “आमच्याकडे दाराला कडीच नाही. चाळीस वर्षांत मी एक दुपार दार लावून झोपले नाही.”

“मग आज झोप,” छकुली म्हणाली. बोलून गेली, एवढंच.

या गोष्टीला आता चार महिने झाले. प्रयोगशाळेतून पुन्हा बोलावणं आलं, आज अकराला फोनवर मुलाखत. अकराला दहा कमी असताना छकुली केस विंचरून, फाइल छातीशी धरून आपल्या खोलीच्या दाराशी गेली. दार बंद होतं. तिने ढकललं. कडी खरोखरच दणकट होती.

“आत्या, उघड. माझी मुलाखत आहे.”

आतून पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला.

“छकुली,” आत्या शांतपणे म्हणाली, “पाटी वाचली नाहीस का? वाजवायचं, आणि थांबायचं.”

छकुलीने दार वाजवलं. मग फाइल छातीशी धरून ती पॅसेजमध्ये थांबली. पॅसेज चांगला रुंद झाला होता. सोफा आरामात वळला असता. पलीकडून काका येत होते, बनियनवर.

“नेलकटर कुठंय गं?”