चटका मान्य

कापडाचा तुकडा गरम भांड्याला लागला की चटका ते कापड पूर्वी ज्याच्या अंगावर होतं, त्याला बसतो. म्हणून आमच्या नगरपालिकेत त्यासाठी वेगळं टेबल आहे आणि अकरा वर्षं तिथे मी बसतो. जुन्या कपड्यांची ठिगळं जोडून भांडी धरायला गोधडीसारखं जाड फडकं शिवायचं, तर जिवंत माणसाच्या कपड्याला त्याची संमती लागते, मयताच्या कपड्याला मृत्यूचा दाखला. लोक हुशार आहेत. बहुतेक जण मयत सासऱ्याच्या धोतरावर भागवतात.

रोहिणी घोलप यांचा अर्ज सांगलीहून आला. रोज सकाळी सात आणि दुपारी चार वाजता डाव्या खांद्याला चटका बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या कॉलेजात शिकवतात. चारच्या तासाला फळ्याकडे वळल्या की भर वर्गात ‘आई गं’ म्हणतात आणि मुलं हसतात. संशय आईवरच होता. लग्नाला आई आली नाही, तेव्हापासून दोन वर्षं मायलेकींचं बोलणं बंद.

आई, प्रमिलाबाई, सुनावणीला फडकं घेऊनच आल्या. नऊ चौकोन होते, धावदोरा इतका बारीक की मी चष्मा पुसला. आठ चौकोन त्यांच्या यजमानांच्या, कैलासवासी घोलपांच्या शर्टांचे, दाखला जोडलेला. मधला पिवळा चौकोन रोहिणीच्या चौथीतल्या फ्रॉकच्या खांद्याचा, विनासंमती. मी कारण विचारलं.

“फोन केला तर उचलत नाही ती,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “सातला दुधाचं पातेलं उतरवलं की तिला कळतं, आई उठली. आत तीन पदर घातलेत साहेब, फार लागू नये म्हणून.”

मला गलबलून आलं. पण अर्जात त्यासाठी रकाना नाही. सात दिवसांत चौकोन उसवावा, असा हुकूम मी काढला.

आठव्या दिवशी दुपारी तपासणीला गेलो, तर स्वयंपाकघरात रोहिणी फरशीवर बसून तोच चौकोन परत शिवत होती. आईने काल रात्री तो उसवला होता. आज सातला खांद्याला काहीच लागलं नाही. साडेसातपर्यंत वाट बघून रोहिणीने एसटी धरली होती.

“साहेब, तिला सांगा, टाके मोठे पडतायत,” प्रमिलाबाई ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या.

मी सांगितलं. रोहिणीने तेवढे टाके उसवून पुन्हा घातले. मग संमतीचा फॉर्म मागून घेतला, भरला आणि सही केली. नियमाप्रमाणे पहिला चटका अधिकाऱ्यासमोर घ्यावा लागतो, तेव्हा मी प्रमिलाबाईंना चहा ठेवायला सांगितलं. चहा उकळला. त्यांनी फडकं दुमडून पातेलं उचललं. शेजारी उभ्या असलेल्या रोहिणीचा हात खांद्याकडे गेला.

प्रमिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्ममधून मान वर काढली नाही.

“लागलं का गं?” त्यांनी शेवटी लेकीलाच विचारलं.

“लागू दे,” रोहिणी म्हणाली.

मी घड्याळ पाहून चार वाजून सात मिनिटं अशी वेळ टाकली, खाली ‘चटका मान्य’ लिहिलं आणि शिक्का मारला.