पांजरपोळातला मोटेचा नाडा

"कुणाला दिसत नाही ते मला दिसतं," असं आमचे सावळेराम स्वतःबद्दल सांगायचे. खरंच व्हतं ते. सगळ्यांना दिसायचं तेवढं फक्त दिसायचं नाही. अख्ख्या जुन्नर तालुक्यात आपल्यासारखा गुप्तहेर नाही, हे त्यांचं मत. मी जानकू, त्यांचा मदतनीस, म्हंजे छत्री धरणारा.

त्या उन्हाळ्यात आमच्या बाजारगावच्या पांजरपोळातला मोटेचा नाडा, म्हंजे विहिरीतनं मोट ओढायचा जाड दोर, गायब झाला. मोट बंद, म्हाताऱ्या गुरांचा हौद कोरडा. गुरं सांभाळणाऱ्या उगमबाई डोळे पुसत व्हत्या.

"लंगडी तांबडी कालच व्यालीय, भाऊ. सकाळपासून घोटभर पाणी नाही तिला."

"आधी पावलांचे ठसे!" सावळेराम गरजले. तिथंच पडलेला दोर उचलून त्यांनी विहिरीला वेढा घातला. "कुणी फिरकायचं नाही!"

मग तर्क सुरू झाले. "नाडा जाड, म्हंजे चोरबी जाड." पांजरपोळाचे अध्यक्ष मिश्रीलालशेठ यांनी पोट आत घेतलं. "नाहीतर लई बारीक, म्हणून कुणाला दिसला नाही." आता सगळे माझ्याकडं बघाया लागले. काय म्हणावं या माणसाला!

"काल इथं काय झालं?"

"सभा," पंच फतेचंद म्हणाले. "मी म्हटलं, पहिलं छप्पर. रखमाजी पाटील म्हणाले, पहिला चारा. लई जुंपली."

"दिवस मावळत आला होता," शेठ म्हणाले. "आम्हा जैनांना त्याच्या आत जेवायचं असतं. म्हटलं, सगळीच कामं पहिली! आणि उठलो."

"भांडण! म्हंजे वैर! म्हंजे कट!"

उगमबाई छपराकडं बघत व्हत्या. "फतेचंदभाऊ, ते बांबू कशानं बांधलेत?"

"थोडा नाडा कापला. माझं काम पहिलं ना! बाकीचा चोरानं नेला असंल."

"मीबी थोडा कापला," रखमाजींनी डोकं खाजवलं. "चाऱ्याची गाडी आवळायला. माझंबी पहिलंच व्हतं."

"आणि पाणी कितवं?" उगमबाईंनी विचारलं.

"ते कुणी बोललंच नाही," शेठ पुटपुटले.

बाईंनी विहिरीचा वेढा सोडायला घेतला. "हा राहिलेला तुकडा."

"अवो, तो पुरावा हाय!"

"तांबडी पिऊ दे, मग न्या तुमचा पुरावा."

छपराचे, गाडीचे तुकडे सोडून आणले, सगळ्यांना गाठी मारल्या. चाकात अडत अडत मोट वर आली, हौदात पाणी पडलं, आणि तांबडीनं तोंड घातलं ते काढीचना. माझ्या जिवात जीव आला.

"आता सभा सकाळी घ्या, शेठजी," उगमबाई म्हणाल्या. "पोटभर जेवून."

सावळेराम वाकून ओंजळीनं पाणी पीत व्हते. त्यांनाबी सकाळपासून तहान लागली व्हती, पण तपास पहिला व्हता.