उलटे भाऊजी

परीक्षा दोन महिन्यांवर आली की गुंडेराव भाऊजी उलटे व्हायचे. म्हणजे घड्याळ उजव्या मनगटावर जायचं, भांग डावीकडचा उजवीकडं यायचा, पिशवी दुसऱ्या खांद्यावर लटकायची. पाण्याचा तांब्या डाव्या हातानं उचलायचे. जेवण तेवढं उजव्या हातानं. "तिथं धरम आडवा येतो वैनी," म्हणायचे.

हे माझ्या मालकांचे मामेभाऊ. औरंगपुऱ्यातल्या एका सी. ए. साहेबांच्या ऑफिसात होते आणि आमच्या पुढच्या खोलीत राहायचे. स्वतःला सी. ए. व्हायचं होतं. ती परीक्षा मोठी अवघड, शिकली-सवरलेली माणसं चार-चार वेळा बसतात. भाऊजी पाच वेळा बसून झाले होते.

उलटं होण्याचं कारण मला त्यांनीच सांगितलं. लहानपणापासून ते सिल्लोडला काकांच्या कापसाच्या आडतीवर बसलेले. आपल्या देशी वहीत जमा डावीकडं, नावे उजवीकडं. इंग्रजी पद्धतीत नेमकं उलटं. पोलिस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, दुकानांच्या पाट्या बदलल्या, पण वहीच्या बाजू कोणी बदलल्या नाहीत. पहिल्या परीक्षेत भाऊजी घाबरले आणि सगळा पेपर आडतीसारखा सोडवून आले. उत्तरं बरोबर, बाजू चुकीच्या. तेव्हापासून त्यांचं ठरलं की डोकं वळवायचं तर आधी अंग वळवलं पाहिजे.

रस्त्यानंसुद्धा ते उलट्या बाजूनं चालायचे. एकदा टांगेवाल्यानं लगाम खेचला आणि ओरडला, "ओ मियाँ, उल्टे कायकू चलरै?" भाऊजी टोपी सावरत म्हणाले, "इम्तिहान है." त्या माणसानं सलाम केला आणि टांगा बाजूनं नेला. मालक बरोबर होते, ते घरी येऊन हे सांगताना हसून लोळले. म्हणाले, "गुंड्या, लगीन कर. बायको आली की आपोआप सरळ होशील."

"पास झाल्याबिगर अक्षता नाय," भाऊजी म्हणाले.

माझी शाळा चौथीपर्यंत. पोलिस अॅक्शनच्या वर्षी देवगाव रंगारीची आमची शाळा बंद पडली. पुढं ती उघडली म्हणतात, माझ्यापुरती नाही उघडली. तरी भाऊजी रोज सकाळी चुलीसमोर पाट टाकून मलाच धडा समजावून सांगायचे. "तुम्हाला समजलं म्हंजे तपासणाऱ्याला समजलंच," म्हणायचे. यात माझा मान होता की अपमान, ते मी कधी विचारलं नाही.

एक दिवस घसाऱ्याचा धडा होता.

"वैनी, ही कढई कधीची?"

"लग्नातली."

"मग दरसाल थोडी थोडी मेली का नाय?"

"मेली कशी? आत्ता तर पिठलं केलं तिच्यात."

"वापरून मेली. तेवढी मेलेली कढई दरसाल खर्चात धरायची."

"आन् उरलेली?"

"उरलेली जिवंत!" असं म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. "वैनी, तुम्ही पयल्या झटक्यात पास."

मला खरंच समजलं होतं. अजूनही कढई घासताना मी मनात म्हणते, आज किती मेलीस गं.

एकदा ते म्हणाले, "सगळे हसत्यात मला. ऑफिसातले हसत्यात, दादा हसतो. तुम्ही एकट्या हसत नाय." मी मान खाली घातली. मला हसू येत नव्हतं असं नाही. मला लोकांसमोर हसायचीसुद्धा लाज वाटायची, एवढंच.

सहाव्या वेळेला काकांचं पत्र आलं. यंदा झालं तर ठीक, नाहीतर पुस्तकं बांधायची आणि आडतीवर येऊन बसायचं. भाऊजींनी पत्र मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "वैनी, आवंदा होतंय बघा." पुढचे दोन महिने दिवसातून दहादा तेच. चहा घेताना, कंदील पुसताना, आंघोळीला जाताना. "आवंदा होतंय बघा."

पुण्याला जाऊन पेपर देऊन आले. खुशीत होते. बाजू सगळ्या जिथल्या तिथं पडल्या म्हणाले.

आता जे लिहायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मालकांनासुद्धा नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडं होतं. आळीतल्या पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. अशा वेळी मी वाण देते, अत्तर लावते आणि भिंतीला टेकून उभी राहते. माझा आवाज कसा आहे हे निम्म्या बायकांना ठाऊक नसेल. त्या दिवशी शेजारच्या सुमनबाईंनी विचारलं, "काय हो, तुमच्या उलट्या भाऊजींचं काय म्हणणं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वैनी, आवंदा होतंय बघा."

अगदी त्यांच्या आवाजात. बायका अशा हसल्या की मीच दचकले. "अगं बाई, ही बोलते की!" एक म्हणाली. "आणखी करा ना," दुसरी म्हणाली. आणि मी केलं. पदर खोचून त्यांच्यासारखं उलट्या बाजूनं चालून दाखवलं. डाव्या हातानं तांब्या उचलून धोतरावर पाणी सांडून घेतल्यासारखं केलं. टांगेवाला केला. सुमनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. इतक्या बायका माझ्याकडं बघत होत्या, आणि खोटं कशाला लिहू, मला ते गोड लागलं. मी परत तेच म्हटलं, आणखी जोरात, "आवंदा होतंय बघा!"

दाराजवळच्या बायका एकदम गप्प झाल्या.

भाऊजी उंबऱ्यात उभे होते. हातात ऑफिसच्या पत्त्यावर आलेला निकालाचा लखोटा. निकाल पहिल्यांदा मला सांगायचा म्हणून ते तसेच धावत आले होते.

"चालू द्या, चालू द्या," ते म्हणाले.

सुमनबाईंनी माझ्या हातात तिळगुळाची वाटी कोंबली. मी भाऊजींच्या हातावर तिळगूळ ठेवला. पुढचं "गोड बोला" मला म्हणता आलं नाही.

झालं नव्हतं. बाजू बरोबर होत्या, पण कायद्याच्या पेपरात गेले.

तीन दिवस ते सामान बांधत होते. मी त्यांच्यापुढं ताट ठेवायची आणि आत पळायची. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवायची, भाकरी थापताना पाठ करायची, आणि ते समोर आले की विसरायची. ते मात्र नेहमीसारखे "वैनी, मीठ" म्हणायचे. त्यांनी रागावायला पाहिजे होतं. मालकांना सांगायला पाहिजे होतं.

जायच्या दिवशी सकाळी ट्रंक दारात ठेवून ते स्वयंपाकघराच्या तोंडाशी आले. घड्याळ डाव्या हातावर, भांग डावीकडं. सरळ झालेले भाऊजी मला परके वाटले.

"वैनी, एक विचारू? त्या दिवशी माझी नक्कल केली तुम्ही."

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"बोलायच्या आधी तुम्ही खालचा वठ असा दातात धरला. मी तसं करतो?"

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. आपोआप आलं असणार. "करता," मी म्हटलं.

"काकू म्हणायची, ती सवय माझ्या आईची हाय. मी सव्वा महिन्याचा होतो, ती गेली तवा. फोटो नाय. मी आरशात लई बघितलं, पण बघाया गेलं की जमत नाय. आन् नुसती मिशीच दिसती." ते पुढं म्हणाले, "बाईच्या तोंडावर मी ते पयल्यांदा बघितलं. आजून एकदा करता?"

मी पदर डोक्यावर घेतला. भिंतीला टेकून उभी राहिले. ओठ दातात धरला आणि म्हटलं, "आवंदा होतंय बघा."

ते बघत राहिले. मग म्हणाले, "परत."

सिल्लोडच्या मोटारीची वेळ होत आली होती. मी तीन वेळा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी ओठ दातात राहिना, मला रडू फुटलं.

"नाय नाय वैनी, रडू नका," भाऊजी घाईनं म्हणाले. "रडताना ती कशी दिसायची, ते काकूनं सांगितल्यालं नाय."